धूपदाणीची कॉइल पुन्हा पुन्हा उडते? तुटलेली कॉइल फेकू नका

चार महिन्यांत तीन कॉइल गेल्यावर शेजारच्या काकूंनी धूपदाणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, "दर वेळी दुकानदार म्हणतो, कॉइल हलकी होती, भारीतली घाला. आता आणखी किती भारी आणू?" प्रश्न रास्त होता. माझ्या नशिबाने त्यांनी तिन्ही जळक्या कॉइल एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. काहीही न फेकण्याच्या सवयीचा असा उपयोग होतो.

आधी यंत्र कसलं ते सांगतो, कारण बाजारात 'इलेक्ट्रिक धूपदाणी' या नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात. ही जुन्या पद्धतीची आहे. पत्र्याचा डबा, आत चिनी मातीची गोल प्लेट, प्लेटच्या खाचेत नायक्रोमची कॉइल, वर जाळी आणि जाळीवर ऊद किंवा वाळलेला पाला ठेवायची स्टीलची वाटी. वॅट १००. जुन्या विजेच्या शेगडीचं हे लहान भावंड म्हणा. हल्ली छोट्या धूपदाण्यांत कॉइलऐवजी नाण्याएवढी सिरॅमिक चकती असते. ती तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आपोआप वाढतो आणि ती स्वतःला आवर घालते. तुमच्याकडे तशी असेल तर पुढचा कॉइलचा भाग सोडून थेट करपट वासाकडे गेलात तरी चालेल.

माझा पहिला संशय व्होल्टेजवर गेला, आणि तो बराचसा चुकीचा निघाला. आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-मोटारी चालू असताना २०५ व्होल्ट मिळतात आणि रात्री अकरानंतर २५२ पर्यंत चढतात. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे २३० व्होल्टला १०० वॅट देणारी कॉइल २०५ ला सुमारे ८० वॅट देते आणि २५२ ला १२० वॅट. फरक मोठा वाटतो, पण नायक्रोम एवढ्याने मरत नाही. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमचा हा मिश्रधातू अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये पेटंट केला आणि तेव्हापासून टोस्टर, इस्त्री, शेगडी यांच्या पोटात तो लाल होऊन बसलेला आहे. तो वितळतो सुमारे १४०० अंश सेल्सिअसला. तापल्यावर त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच थर आतल्या तारेचं हवेपासून रक्षण करतो. २० वॅट जास्त झाल्याने दीड महिन्यात तार तुटावी, असं हे प्रकरण नाही. तरी खात्रीसाठी फ्रिजचा स्टॅबिलायझर लावून पाहिला. दुसरी कॉइल त्या स्टॅबिलायझरवरच गेली होती, हे काकूंनी नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

मग पिशवी उघडली आणि तिन्ही कॉइल पांढऱ्या कागदावर मांडल्या. पहिली आणि तिसरी तुटली होती अगदी टोकाला, जिथे ती स्क्रूखाली धरलेली असते तिथून सेंटिमीटरभर अंतरावर. दुसरी तुटली होती मधोमध, आणि तुटल्या जागी डांबरासारखा काळा, चकचकीत गोळा चिकटलेला होता. एकाच यंत्रात दोन वेगळे आजार होते. दुकानदार दर वेळी एकच औषध देत होता, ते लागू कसं पडणार?

टोकाला तुटली असेल तर दोष जोडाचा असतो, कॉइलचा नव्हे. या डब्यात तांब्याची मऊ वायर आणि नायक्रोमचं टोक एकत्र पिळून एका लोखंडी स्क्रूखाली दाबलेलं होतं. प्लेट तापली की स्क्रू फुगतो, निवली की आकसतो. रोज दोनदा हे झालं की महिन्याभरात पकड सैल होते. सैल जोडाला रोध जास्त, रोध जास्त म्हणून तो जास्त तापतो, तापला की तांबं काळं पडतं, आणि काळं पडलं की रोध आणखी वाढतो. शेवटी सगळी आग त्या एका सेंटिमीटरवर येते. ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रूजवळचं वायरचं प्लास्टिक कडक, तपकिरी झालेलं असतं आणि बोटाने वाकवलं की कडकन मोडतं. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. प्लेटला ती टेकवून ठेवणं म्हणजे मेणबत्ती चुलीवर आडवी ठेवण्यासारखं आहे.

यावर मी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण निम्म्याहून जास्त धूपदाण्या इथेच बऱ्या होतात. आधी पिन बोर्डातून काढा. नुसता खटका बंद करून भागणार नाही, कारण बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर खटका बंद असतानाही कॉइलवर वीज असते. मग नव्या कॉइलच्या दोन्ही टोकांची दीड-दोन इंच तार सरळ करून, दुमडून, स्वतःभोवतीच पीळ देऊन दुहेरी करा. दुहेरी तारेचा रोध निम्मा, म्हणून त्या तुकड्यात उष्णताही निम्मीच तयार होते आणि जोडापर्यंत पोचताना तार बरीच निवलेली असते. ही तार शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक असते, तेव्हा हलक्या हाताने. लोखंडी स्क्रू काढून पितळी घ्या, तारेच्या खाली-वर एकेक पितळी वॉशर. तांब्याची वायर त्याच स्क्रूवर पिळू नका. तिच्यासाठी चिनी मातीचा कनेक्टर मिळतो, इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात, तो प्लेटपासून दूर डब्याच्या कडेला बसवा. स्क्रू आणि कनेक्टर यांच्यामधल्या वायरवर काचेच्या धाग्याची नळी चढवा. दुकानात 'फायबर ग्लास स्लीव्ह' म्हणा, इस्त्री दुरुस्त करणाऱ्यांकडे हमखास असते.

आणि कृपा करून जोडाला डाग देऊ नका, म्हणजे सोल्डर लावू नका. सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, शिवाय नायक्रोमवर ते नीट धरतच नाही. काकूंच्या तिसऱ्या कॉइलला कोणीतरी डाग दिला होता. डब्याच्या तळाशी त्याचा गोल मणी सापडला.

मधोमध तुटली असेल तर गुन्हेगार वरच्या वाटीत आहे. ऊद म्हणा, लोबान म्हणा, राळ म्हणा, हे सगळे झाडाचे चीक. ते वितळतात. वाटी काठोकाठ भरली की चीक उकळून ओघळतो, जाळीतून खाली कॉइलवर पडतो आणि तिथे जळून त्याचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते. कॉइलचे शेजारशेजारचे दोन वेढे त्याने सांधले की तेवढ्या जागेपुरती वीज आडवाटेने जाते, तो भाग भलताच तापतो, वरचा ऑक्साइडचा थर मोडतो आणि तार झिजत जाऊन तुटते. वरून राळ मिसळलेली स्वस्त 'धूप पावडर' जास्त ओघळते, असा माझा अनुभव. साळईचा डिंक किंवा गुग्गुळ त्यामानाने जागेवर बसून फुगतो.

उपाय म्हणजे वाटी बदलणं. उथळ वाटीऐवजी उभ्या काठाची, जाळीच्या भोकापेक्षा मोठ्या तळाची वाटी घ्या, आणि चीक घालायचा तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याखाली चिमूटभर राख किंवा बारीक धुतलेली वाळू पसरली तर वितळलेला चीक तीत मुरतो. आजीच्या काळी निखाऱ्यावरची राख हेच काम करत होती, आपण ती झाडून टाकली आणि मग ओघळ मोजत बसलो.

कॉइलवर आधीच चिकाचा काळा डाग पडला असेल तर खरवडू नका. एकदा लाल झालेलं नायक्रोम थंडपणी काचेसारखं ठिसूळ असतं, सुरीचं टोक लागलं की गेलं. वाटीला चिकटलेला ऊद पाण्याने निघत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. दवाखान्यातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा, पण वाटी बाहेर काढून. मग ती उघड्यावर पूर्ण वाळू द्या आणि नंतरच डब्यावर ठेवा. स्पिरिटचा वास येत असताना पिन लावणं हा मूर्खपणा आहे. तो मी एकदा केलेला आहे आणि उजव्या भुवईचे केस परत यायला वेळ लागला.

आता 'भारीतली कॉइल' या सल्ल्याचा समाचार. काकूंना एकाने सुचवलं होतं, शेगडीची १००० वॅटची कॉइल आणा आणि तिचा छोटा तुकडा कापून घाला. तार जाड, म्हणून टिकेल. ऐकायला पटतं आणि नेमकं उलटं होतं. १००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम. ती अर्धी कापली तर २६ ओहम राहतो, आणि २३० व्होल्टला ती ओढते जवळजवळ ९ अँपिअर, म्हणजे २००० वॅट. तुकडा जितका लहान तितकी आग मोठी. धूपदाणीच्या बारीक वायरीत एवढी वीज गेली तर वायरच आधी पेटेल. आपल्याला १०० वॅटसाठी सुमारे ५३० ओहम हवेत. दुकानातून कॉइल घेताना मल्टिमीटर (रोध, व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून ५०० ते ५६० च्या आत आकडा आला तरच घ्या. तुटलेल्या कॉइलची दोन टोकं एकमेकांत अडकवून ती पुन्हा चालू करण्याची घरोघरची युक्तीही याच कारणाने महाग पडते. कॉइल आखूड होते, जास्त तापते, आणि त्या गाठीपाशी पुन्हा तुटते. पहिल्याच दिवशी आरतीच्या मध्यावर, हे वेगळं सांगायला नको.

करपट वास

कॉइल टिकायला लागली तेव्हा दुसरी तक्रार वर आली. काकू ऊद कमी आणि पालाच जास्त घालतात. निलगिरीची वाळलेली पानं, तुळशीच्या मंजिऱ्या, ओवा, पावसाळ्यात कडुलिंब. पहिली दोन मिनिटं सुगंध, नंतर शेतात पाचट पेटवल्यासारखा वास.

यामागचं गणित समजलं की निम्मा प्रश्न सुटतो. पानातला वास तेलात असतो. निलगिरीतलं सिनिओल उकळतं १७६ अंशांना, पुदिन्यातलं मेंथॉल २१२ ला, ओव्यातलं थायमॉल २३२ ला, लवंगेतलं युजेनॉल २५४ ला. उकळण्याच्या बऱ्याच आधीपासून या तेलांची वाफ सुटायला लागते. पान स्वतः मात्र २३०-२५० अंशांच्या पुढे काळं पडू लागतं. म्हणजे आपल्याला वाटी ठेवायची आहे १६० ते २०० च्या पट्ट्यात. तेल निघून जावं, पान तपकिरी व्हावं, काळं नको. कोळशाच्या निखाऱ्यावर हे साधणं कठीण, म्हणून तर विजेची धूपदाणी घ्यायची. पण कारखान्यातून ती जास्तीत जास्त धूर दिसावा अशाच बेताने येते. गिऱ्हाइकाला धूर दिसला की पैसे वसूल वाटतात.

तापमान मोजायला थर्मोकपल (तापमान ओळखणारी तार) असलेला मल्टिमीटर उत्तम. नसला तर साखरेचे पाच-सहा दाणे रिकाम्या तापलेल्या वाटीत टाका. चार मिनिटांनीही तसेच कोरडे राहिले तर वाटी अजून थंड आहे. हळूहळू कडेने विरघळून सोनेरी पाक झाला तर १८० च्या आसपास आलात. पडल्या पडल्या काळे होऊन धूर निघाला तर पाला करपणारच. दिवा मालवून कॉइलकडेही बघा. अंधारात तार जेमतेम लाल दिसते ती ५२५ अंशांना. खालची कॉइल तशी मंद लाल असायला हरकत नाही, पण पाला आणि तिच्यामध्ये प्लेट, जाळी, हवा आणि वाटी असायलाच हवी. कोणी जाळी काढून पाला थेट प्लेटवर टाकत असेल तर वास करपट येणार, यात यंत्राचा दोष नाही.

वाटी फार तापते असं दिसलं तर सगळ्यात स्वस्त उपाय एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. १एन४००७ हा डायोड काही रुपयांत मिळतो, १ अँपिअर सोसतो, आणि आपली कॉइल ओढते फक्त ०.४३ अँपिअर. तो फेजच्या वायरीत सलग जोडला की विजेच्या प्रत्येक आवर्तनातला अर्धाच भाग कॉइलपर्यंत जातो आणि १०० वॅटचे ५० होतात. डायोडच्या दोन टोकांना समांतर एक छोटा खटका लावा. खटका चालू म्हणजे पूर्ण उष्णता, बंद म्हणजे अर्धी. पहिली पाच मिनिटं पूर्णवर, प्लेट तापली की अर्ध्यावर. डायोड धूपदाणीच्या डब्यात बसवू नका, वायरीवर बाहेर वेगळ्या छोट्या खोक्यात ठेवा, आतल्या उष्णतेने तो मरतो. इन्व्हर्टरवर असताना अर्ध्याचा वापर टाळा, असा एकतर्फी प्रवाह त्याच्या ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही. हे सगळं नको असेल तर साध्या बल्बचा डिमरही चालतो.

पाल्याबद्दल दोनच गोष्टी. तो सावलीत कडकडीत वाळलेला हवा. ओला असेल तर आधी पाण्याची वाफ निघते आणि देवघरात माठाची भाजी शिजत असल्यासारखा वास येतो. आणि जाडसर चुरलेला हवा, ओवा अर्धवट ठेचलेला. पीठ केलंत तर वरचा थर गार राहतो आणि तळाचा जळतो. अर्धा चमचा, पसरून. मधे एकदा हलवायचा तो लाकडी काडीने. कॉइल उघडी आणि हातात स्टीलचा चमचा ही जोडगोळी मला पाहवत नाही.

कापूर या यंत्रात नको. तो ६५ अंशांच्या आसपास तापला की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि खाली तर लाल कॉइल आहे. कापूरदाणी वेगळी मिळते, कमी वॅटची, झाकलेली. आणि वड्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

काकूंची सून बाळंतपणाला येणार आहे, म्हणून बाळाला ओवा-वावडिंग-बाळंतशेपाची धुरी याच धूपदाणीवर देता येईल का, असंही त्यांनी विचारलं. मी सरळ नाही म्हणालो. धूर निखाऱ्याचा असो की विजेचा, नवजात बाळाच्या छातीला तो बाधतो आणि बालरोगतज्ज्ञ धुरी देऊ नका असंच सांगतात. काकू जरा नाराज झाल्या. आमची सगळी मुलं धुरीवरच वाढली, म्हणाल्या. वाढली, खरं आहे.

पावसाळ्यात लाइट जाते

जुलैत या धूपदाणीची पिन लावली की घरातला आरसीसीबी पडायचा आणि अख्खं घर अंधारात. हा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी वीज भलत्या वाटेने जमिनीकडे गळाली की तो तोडतो. इथे वाट होती प्लेटच्या कडेला साचलेली काजळी आणि ओल. कॉइलपासून पत्र्यापर्यंत काळा पट्टा तयार झाला होता. पिन काढून मल्टिमीटर सर्वात मोठ्या ओहमवर ठेवा, एक टोक पिनेच्या फेजच्या काडीला, दुसरं अर्थच्या जाड काडीला. काहीच आकडा नको. आकडा दिसला तर गळती आहे. प्लेट बाहेर काढून काजळी ब्रशने झाडली, स्पिरिटने पुसली, ऊन नव्हतं म्हणून रात्रभर गरम पाण्याच्या गीझरवर ठेवली. सकाळी आकडा गेला.

या तक्रारीवर कोणी वायरमन थ्री-पिन काढून टू-पिन लावून देईल आणि 'आता ट्रिप होत नाही बघा' म्हणेल. त्याला चहा पाजा आणि थ्री-पिन परत लावून घ्या. गळती तशीच राहते, फक्त आता ती जमिनीत जायच्या ऐवजी डब्याला हात लावणाऱ्यातून जाते. डब्यात काडतुसासारखा थर्मल फ्यूज (ठरावीक अंशांवर तापला की वीज तोडणारा) असेल आणि तो उडाला असेल तर त्यालाही तारेने बगल देऊ नका. त्याच अंशाचा नवा घ्या आणि क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, बसवा. डाग द्यायला गेलात तर डागणीच्या उष्णतेनेच तो उडतो आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देता.

चौथी कॉइल नवरात्रात बसवली. आठ दिवसांनी काकूंचा फोन. "बंद पडली रे पुन्हा. धूरच येत नाही." गेलो तर दारातच निलगिरीचा वास. वाटीतला पाला छान तपकिरी, कॉइल शाबूत. धूर दिसत नव्हता, कारण जळत काहीच नव्हतं. समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "ते बरोबर असेल तुझं, पण धुराशिवाय आरती झाल्यासारखी वाटत नाही." मग तोडगा असा निघाला की आरतीपुरता वाटीत ऊदाचा एक दाणा आणि खटका पूर्णवर, दोन मिनिटं. घंटा थांबली की अर्ध्यावर. आता पौष संपत आला, कॉइल तीच आहे.